बांधकाम परवान्यातच 'माती अडवा' ही अट हवी का? (कोल्हापूर: पाचगावचा उतार ते जयंती नाला)

रामानंदनगरकर

मेमध्ये पोकलेन लावून नाला काढायचा, जूनमध्ये वरच्या उतारावरची माती परत त्याच नाल्यात येऊ द्यायची, आणि जुलैत पाणी दारात आलं की कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाकडं बोट दाखवायचं. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

पंचगंगेचा फुगवटा वेगळा आणि आमच्याकडचं पाणी वेगळं, हे आधी मान्य करूया. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तो महापूर होता, त्याबद्दल इथं बोलत नाही. आमच्या ओढ्याला नदी चढायची गरजच नसते. वळवाची एक जोरदार सर पुरते.

पाचगाव, मोरेवाडी, आर.के.नगरच्या बाजूला उतारावर जेसीबीनं सरळ उभा काप घेतात. निघालेला मुरूम प्लॉटच्या खालच्या अंगाला, रस्त्याकडेच्या गटरीला लागून टाकतात, कारण डंपर तिथंच लागतो. पहिल्या पावसात तो ढीग गटरीतून खाली निघतो. जाड मुरूम फार लांब जात नाही. उतार संपला, पाण्याचा वेग कमी झाला की बसतो. आणि उतार संपतो नेमका आमच्याकडच्या मोऱ्यांपाशी. मोरी निम्मी भरली की पुढचं पाणी रस्त्यावरून येणारच. बारीक गाळ मात्र थांबत नाही, तो नाल्यातून थेट नदीला.

माझं म्हणणं एवढंच: वेगळा परवाना नको, नवं खातं नको. बांधकाम परवानगीच्या पत्रात अटी असतातच. त्यात घाला की खोदाईआधी प्लॉटच्या खालच्या बाजूला ताल (मातीचा आडवा बांध) आणि गाळ बसायला खड्डा पाहिजे, मातीचा ढीग गटरीपासून लांब आणि झाकलेला पाहिजे, गाड्या बाहेर पडतात तिथं खडी पाहिजे. अनामत घ्या. जोते तपासणीला (पाया जमिनीच्या वर आला की होते ती) माणूस येतोच, त्यानं तेव्हा हेही बघावं. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे केल्याशिवाय उतार उघडा करायचा नाही.

साइटवरचा_२२

आली अजून एक अट. साहेब, परवानगीची फाइल कुठल्या कुठल्या टेबलावरनं फिरते ते कधी बघितलंय का? प्रत्येक अट म्हणजे एक नवीन टेबल आणि प्रत्येक टेबल म्हणजे एक पाकीट. माती थांबणार नाही, काम तेवढं थांबेल.

आणि ज्याला धंदा कळतो तो पावसाआधीच जोता बाहेर काढतो. पावसात खड्डा उघडा ठेवायची हौस कुणाला असते? पंप लावून पाणी उपसायचं, बाजू ढासळली की परत माती काढायची, सगळं आमच्याच खिशातून. काम मेमध्ये संपत नाही, कारण परवानगीच मार्चच्या शेवटी हातात पडते.

गाळाचं म्हणाल तर पाइपलाइनसाठी रस्ते कोण खोदतं? चर बुजवतात, वर माती तशीच सैल, पहिल्या पावसात सगळी गटरीत. त्याला कुठली अट लावणार?

पाचगावचा_भावा

वाटच बघत होतो कधी आमच्यावर येतंय. तुमच्याकडं पाणी आलं की पाचगाव दोषी, आमच्याकडं नळाला पाणी आलं नाही तर कुणी विचारत नाही.

आमची परवानगी महापालिका देत नाही, प्राधिकरण देतंय. २०१७ला ४२ गावांचं प्राधिकरण केलं, ते गावांनी शहराची हद्दवाढ नको म्हटल्यावरच. आता ओढ्याचं निमित्त करून परत हद्दवाढीचं तुणतुणं वाजवू नका. दोन-तीन गुंठ्यांत पै-पै जोडून घर बांधणारा माणूस अनामत कुठनं आणणार?

रामानंदनगरकर

@पाचगावचा_भावा हद्दवाढीचा 'ह' पण काढलेला नाही मी. पण पाण्याला हद्द कळत नाही हे तर खरं? परवानगी प्राधिकरणाची, नाला महापालिकेचा, गाळ काढायचा खर्च शहराच्या घरफाळ्यातनं. म्हणून अट दोन्हीकडं सारखी हवी, नाहीतर उपयोग नाही. आणि दोन-तीन गुंठ्यांच्या घरांबद्दल मी बोलतच नाही. लेआउट पाडून अख्खी टेकडी सोलतात त्यांच्याबद्दल बोलतोय.

नकाशावाली

परवानग्यांचं काम रोज करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मोठ्या प्रकल्पांना सध्याही बंधन आहे. २००६च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्याहून जास्त बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. २०१६च्या राडारोडा नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन कचरा निघत असेल तर व्यवस्थापनाचा आराखडा द्यावा लागायचा; एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी २०२५चे नवे नियम आहेत. मुरुमासाठी महसूल खातं येतं, पण त्यांचं लक्ष रॉयल्टीवर. मुरूम किती ब्रास उचलला ते मोजतात, वाहून किती गेला ते कुणी मोजत नाही. रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे, पण ती इमारत उभी राहिल्यानंतरची गोष्ट. भोगवटा (इमारत वापरायचा दाखला) मागताना टाकी दाखवायची.

आपल्याकडची बहुतेक कामं या सगळ्याच्या खालची असतात. पाच-दहा मजली अपार्टमेंट, रो-हाउसची स्कीम, वीस-तीस गुंठ्यांचा लेआउट. जमीन उघडी पडल्यापासून जोता होईपर्यंतच्या काळात त्यांना मातीबद्दल विचारणारं कुणी नाही, आणि माती जायची ती त्याच काळात जाते.

पण @रामानंदनगरकर, जोते तपासणीला बघायचं हे पटत नाही. जोता झाला म्हणजे खोदाई संपली, भराव झाला, वाहून जायचं ते गेलं. बघायचं तर पहिला जेसीबी लागायच्या आधी. काम सुरू करत असल्याची सूचना मालकाला द्यावीच लागते, तिच्यासोबत ताल आणि खड्ड्याचे फोटो जोडायला लावा. टेबल वाढणार नाही, माणूसही पाठवायला नको.

साइटवरचा_२२

फोटो? ताई, एकाच खड्ड्याचे फोटो दहा फायलींना लागतील. तुम्हालाही माहितेय.

कळंब्याचा_आबा

मी शेतकरी माणूस. माझं ऐका.

जवर रान हाय तवर सरकार येतंय, बांधबंदिस्ती करा, ताल घाला, समतल चर काढा, अनुदान घ्या. कृषी खात्याची माणसं रानात येऊन उतार मोजून जायची. तेच रान एन.ए., म्हंजे बिगरशेती झालं की पहिला जेसीबी फिरतोय तो बांधावर. आमच्या वाडवडलांनी घातलेले बांध एका दुपारत सपाट. प्लॉट चौकोनी पाडायला बांध आडवा येतो म्हणं. वरच्या चार रानांचं पाणी ज्या बांधानं थोपून धरलं हुतं ते मोकळं सुटलं, आणि मग म्हणायचं वड्याला पाणी कुठनं आलं?

अट घालायचीच तर हीच घाला की लेआउट मंजूर करताना जुनं बांध आणि जुनं वघळ, म्हंजे पाण्याच्या वाटा, नकाशावर दाखवा, आणि गटर बांधून झाल्याबिगर बांध मोडू नका. ह्याला पैसं लागत न्हाईत.

पाचगावचा_भावा

आबा, हे मात्र एक नंबर बोललासा.

रालीतला_करवीरकर

मी अमेरिकेत, उत्तर कॅरोलिनात सिव्हिलची नोकरी करतो. इथं हे परवाने रोज हाताळतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या उपयोगाचं सांगतो.

या राज्यात गाळाचा कायदा १९७३ पासून आहे. एक एकराहून जास्त जमीन उघडी करायची तर आधी आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, आणि शहराला किंवा काउंटीला हा कार्यक्रम स्वतः चालवता येतो. देशपातळीवर १९९०च्या नियमात मर्यादा पाच एकरांची होती, २००३ पासून ती एक एकरावर आली. म्हणजे त्यांनीही मोठ्या साइटपासूनच सुरुवात केली. पाचगावच्या भावानं हे लक्षात घ्यावं.

पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या माहितीपत्रकानुसार बांधकामाच्या जागेवरून शेतजमिनीच्या १० ते २० पट आणि जंगलाच्या १,००० ते २,००० पट माती वाहून जाते. म्हणजे कुणी 'शेतातनंही माती जातेच की' म्हटलं तर ते उत्तर पुरत नाही.

आता हिशेब. इथल्या केंद्र सरकारच्या परवान्यात गाळाच्या तळ्याचा एक सरधोपट आकडा आहे: ज्या क्षेत्राचं पाणी तळ्यात येतं त्याच्या एकरी ३,६०० घनफूट. एकराचे ४० गुंठे, म्हणजे गुंठ्याला ९० घनफूट. वीस गुंठ्यांच्या स्कीमला १,८०० घनफूट, म्हणजे ३० बाय १५ फूट आणि खोली चार. जेसीबीला हे एका दिवसाचंही काम नाही.

पण इथली नक्कल जशीच्या तशी करू नका. परवान्यातल्या एका पर्यायानुसार तपासणी दर चौदा दिवसांनी आणि पाव इंच पाऊस झाला की करायची. पाव इंच म्हणजे साधारण सहा मिलिमीटर. कोल्हापुरात जुलैत हा निकष लावला तर तपासणाऱ्याला साइटवरच अंथरूण टाकावं लागेल. आणि इथंही कागद एक, साइट एक असं चालतंच. गाळ अडवायचं कापड खालून सहा इंच जमिनीत पुरायचं असतं, निम्म्या ठिकाणी नुसतं खुंट्यांना टांगलेलं दिसतं आणि पाणी खालून आरामात जातं. आपल्याकडचं हिरवं नेट तर गाळ अडवायला मुळीच कामाचं नाही, ते धुळीसाठी.

साइटवरचा_२२

@रालीतला_करवीरकर हिशेब आवडला, पण आता माझा ऐका. तुमच्या आकड्यानं तीन गुंठ्यांना २७० घनफूट होतात. नऊ बाय दहाचा तीन फूट खोल खड्डा. सामासिक अंतर सोडून राहिलेल्या जागेत बिल्डिंग, सळी, वाळू, सिमेंटची शेड, लेबरची खोली. खड्डा कुठं करू, जिन्याखाली? आणि खड्ड्यात साचलेल्या पाण्यात शेजारचं पोरगं पडलं तर जेलात कोण जाणार?

शिवाय काळ्या मातीचं काय? मुरूम बसेल खड्ड्यात. काळ्या मातीचं गढूळ पाणी दोन दिवस ठेवलं तरी निवळत नाही. भरला खड्डा की वरून तसंच वाहणार.

रालीतला_करवीरकर

काळ्या मातीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. म्हणून सुटलेली माती धरण्यापेक्षा ती सुटूच न देणं स्वस्त पडतं. इथं उघड्या उतारावर भाताचं किंवा गव्हाचं काड पसरतात. जिथं काम थांबलंय तिथं ठरलेल्या दिवसांत जमीन झाकावीच लागते. थेंबाचा मार थेट मातीवर बसला नाही की निम्मं काम झालं.

कळंब्याचा_आबा

मग आपल्याकडं उसाचं पाचट काय कमी हाय व्हय? तोडणी झाली की पेटवून देत्यात लोक. ट्रॉलीभर आणा आणि पसरा उतारावर. वर सुतळीची जाळी नायतर बांबू आडवं टाका, म्हंजे वाऱ्या-पाण्यानं जाणार न्हाई. आमी खोडव्यात पाचट ठेवतोय ते कशासाठी? वल टिकायला आणि माती धरायलाच.

नकाशावाली

आबांची सूचना मी माझ्या पुढच्याच साइटवर करून बघणार आहे. फेब्रुवारी-मार्चमध्येच पाचट मिळवून ठेवावं लागेल, जूनमध्ये शोधलं तर कुजकं तरी मिळेल नाहीतर मिळणारच नाही.

@साइटवरचा_२२, लहान प्लॉटला खड्डा शक्य नाही हे मान्य. त्यांना फक्त दोन गोष्टी सांगायच्या. ढीग रस्त्याच्या बाजूला नको, आणि गटरीच्या तोंडाशी मुरुमानं भरलेली पोती आडवी लावा. सिमेंटची रिकामी पोती साइटवर पडलेलीच असतात.

साइटवरचा_२२

पोती लावतो, त्यात काय. ती तुम्ही सांगायच्या आधीही लावत होतो, कारण गटर तुंबली की शेजारी माझ्याच नावानं ओरडतात.

पण अनामतीला माझा ठाम विरोध. जमा केलेली अनामत परत मिळवताना चपला झिजतात. मातीचा एक कण गेला नाही तरी 'साहेब रजेवर आहेत' म्हणून वर्ष जातं. त्यापेक्षा दंड ठेवा. गाळ रस्त्यावर आला, फोटो काढला, दंड. गेली माती, भरा पैसे. बिगारीला पाठवून दुसऱ्या दिवशी रस्ता साफ करून दिला तर दंड माफ.

रामानंदनगरकर

दंड नंतर वसूल होत नाही हाच तर अनुभव आहे. फ्लॅट विकून बिल्डर मोकळा, सोसायटीला नोटीस. पैसा आधी हातात असला तरच खालच्या माणसाला काही मिळेल. रस्ता खोदायची परवानगी देताना महापालिका रस्ता दुरुस्तीचे पैसे आधीच भरून घेते ना? मग नाल्याचे का नकोत? परत द्यायची मुदत अटीतच लिहू, भोगवट्यासोबत परत.

साइटवरचा_२२

आणि महापालिकेची स्वतःची खोदाई? ठेकेदार त्यांचा, चर त्यांचा, गाळ त्यांचा. आमच्याकडून अनामत घेणारे स्वतःच्या बिलातनं किती कापणार? ते पहिल्या ओळीत येत असेल तर मी सही करतो, नाहीतर नाही.

रामानंदनगरकर

पहिल्या ओळीतच घेतो. निविदेतच कलम टाका, चर बुजवून दाबल्याशिवाय आणि उरलेली माती उचलल्याशिवाय बिल नाही. दोन्ही ठिकाणी, महापालिकेला आणि प्राधिकरणाला, एकच मसुदा देऊ. आबांचं बांध-वघळीचं कलम, ताईंचं काम सुरू करण्याच्या सूचनेचं कलम. पाचटाची सक्ती नको, जमीन झाकली पाहिजे एवढंच लिहू, कशानं ते ज्याचं त्यानं बघावं. राहिला प्रश्न खड्डा आणि अनामत किती गुंठ्यांच्या वर लावायची. दहा की वीस?

पाचगावचा_भावा

वीस. त्याच्या खाली हात लावला तर गावसभेत मीच विरोध करणार.

नकाशावाली

दहा. वीस ठेवलं तर सगळे एकोणीस गुंठ्यांचे तुकडे पाडून फाइल घेऊन येतील. मलाच काढायला लावतील ते नकाशे.

साइटवरचा_२२

😂 ताई, दहा ठेवलं तरी साडेनऊ पाडतील.

कळंब्याचा_आबा

मग गुंठं धरूच नगा. उतार धरा. एक गुंठा असला तरी उभ्या चढावर असंल तर लावा, आणि सपाट माळावर चाळीस असलं तरी सोडा.