सल्ला हवा: भाषेबद्दलचे दावे तपासून बघायची सवय लोकांना कशी लावावी? (कोल्हापूर)

पंचगंगाकाठ:
नमस्कार. मंगळवार पेठेतल्या आमच्या छोट्या वाचनालयात महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी गप्पांची बैठक असते. वीसेक माणसं येतात. निवृत्त शिक्षक, दुकानदार, कॉलेजची पोरं, शेजारच्या वहिनी. पुढच्या चार बैठका ‘भाषेबद्दल आपण काय काय खरं मानतो’ यावर घ्यायच्या आहेत. मी भाषाविज्ञान शिकलेली नाही, बँकेत नोकरी केली, पण या विषयाची ओढ शाळेपासूनची.

गेल्या वेळी एका काकांनी मोबाइलवरचा निरोप वाचून दाखवला: ‘संगणकासाठी संस्कृत हीच सर्वोत्तम भाषा, असं नासाने जाहीर केलं.’ मी लगेच ‘खोटं आहे ते’ म्हणून मोकळी झाले. काकांनी मोबाइल खिशात घातला आणि शेवटपर्यंत बोलले नाहीत. ते मला अजून लागून राहिलंय. माणूस दुखावू नये आणि खरंही सोडू नये, असं कसं जमवायचं? उदाहरणं, पुस्तकं, खेळ, काहीही सांगा.

शब्दवेल्हाळ:
‘खोटं आहे’ऐवजी ‘हे आलं कुठून?’ असं विचारा. या दाव्याचं मूळ सापडतं. 1985 साली रिक ब्रिग्ज यांचा एक लेख ‘एआय मॅगझिन’मध्ये आला. ते तेव्हा नासाच्या एम्स केंद्रातल्या संशोधन संस्थेत होते. ‘मैत्र देवदत्तासाठी भांड्यात भात शिजवतो’ अशा वाक्यात कर्ता कोण, कर्म काय, कुणासाठी, कशात, हे नातं संस्कृत वैयाकरण फार काटेकोरपणे उलगडून सांगत. संगणकात ज्ञान मांडायच्या पद्धतीशी ही रीत जुळते, असं त्या लेखाचं म्हणणं. नासाचा निर्णय वगैरे त्यात काही नाही. ते एका संशोधकाचं मत आहे. बैठकीत काकांनाच ही गोष्ट सांगायला द्या. व्याकरणकारांचं मोठेपण तसंच राहतं, फक्त निरोपातली भर गळून पडते.

कार्डवाली:
मी शाळेत मुलांसोबत एक खेळ घेते, मोठ्यांनाही रंगेल. कार्डांवर जोड्या लिहायच्या: पितृ–फादर, पाद–फूट, पूर्ण–फुल. विचारायचं, काय दिसतंय? थोड्या वेळात कुणीतरी ओरडतं, ‘प’च्या जागी ‘फ’! सगळ्या जोड्यांत तोच बदल, म्हणजे नात्याला पुरावा आहे.

मग पुढचं कार्ड काढायचं. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’च म्हणत. इंग्रजीशी त्याचा संबंध शून्य. शेजारच्या भाषेत ‘गुडगा’ असा शब्द आहे, तसल्याच जुन्या शब्दाची झीज होत होत ‘डॉग’ उरला. तसंच देव आणि ग्रीक ‘थेऑस’: अर्थ एक, आवाजही जवळचा, तरी मूळ वेगळं. देवचा खरा भाऊबंद लॅटिन ‘देउस’. इथे वर्ग गप्प होतो. नुसता सारखेपणा पुरत नाही, बदल नियमाने व्हायला हवा, हे मला मग सांगावं लागत नाही.

कळंब्याचा:
ताई, पार ऑस्ट्रेलियाला कशाला जाताय? आपल्या पोरी ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात, तिथनंच सुरू करा की. पुण्याची सून घरात आली की पहिलं हेच विचारते. आता कारण विचारा बैठकीत. एक जण म्हणणार, ताराराणींचा वारसा. दुसरा म्हणणार, कन्नडचा शेजार, कारण कन्नडमध्ये बाई असो की बाप्या, ‘नानु बंदे’च. दोन्ही ऐकायला लई गोड. पण तपासायचं कसं? ताराराणींमुळं असेल तर ही बोली तीनशे वर्षं जुनी पायजे. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीला विचारा, तुमची आजी काय म्हणायची. आणि कन्नडमुळं असेल तर निपाणी-गडहिंग्लजकडं जास्त, साताऱ्याकडं कमी सापडाय पायजे. प्रत्येकानं पाच बायकांचं बोलणं ऐकून टिपून आणायचं. त्यांना कारण सांगू नका मात्र, नायतर त्या शुद्ध बोलाय लागतात.

शब्दवेल्हाळ:
वरचा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. पुस्तकांचं म्हणाल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश (1966), दोन्ही जालावर फुकट शोधता येतात. कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश वाचनालयात असेल तर शेजारी ठेवा. एकच शब्द दोन कोशांत बघायला लावा. व्युत्पत्ती जुळली नाही तर गडबडू नका, त्या दिवशीची बैठक तीच.

पंचगंगाकाठ:
मनापासून आभार. इथे लिहिताना मी ‘मोकळी झाले’ लिहिलं, घरात मात्र ‘झालो’च म्हणते. म्हणजे पहिला नमुना माझाच. काकांना फोन केला, 1985 च्या लेखाची गोष्ट ते सांगणार आहेत. कार्डं करायला घेतलीत. एका ठिकाणी ‘पशु’ची जोडी इंग्रजी ‘फी’शी दिसली. जनावराचा आणि पैशाचा काय संबंध?

कार्डवाली:
‘प’चा ‘फ’ तर तिथेही झालाय. जुन्या इंग्रजीत ‘फेओह’ म्हणजे गुरंढोरं, आणि मालमत्ता, पैसाही. त्या कार्डामागे ‘पशुधन’ लिहून ठेवा.