लाफाँचं करिअर कसं बघायचं? हार्वर्ड, मग गावाकडे परत, आणि शेवटी गरीब देशांचे टेलिफोन

पावशेर_अर्थशास्त्री
एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी रेग्युलेशन (वीज, फोन, पाणी असल्या कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण) शिकवताना लाफाँ-तिरोल लाफाँ-तिरोल इतक्यांदा म्हटलं की मला बरेच दिवस ते एकाच माणसाचं जोडआडनाव वाटायचं 😅 तिरोल नंतर कळला, 2014 चं नोबेल. पण त्याचा जोडीदार, फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ ज्याँ-जाक लाफाँबद्दल वाचायला लागलो तर गडी जास्तच इंटरेस्टिंग निघाला. जन्म 1947, तुलूझ. 1975 ला हार्वर्डची पीएचडी, गाईड केनेथ ॲरो, अर्थशास्त्रातलं बडं नाव. एवढं असताना अमेरिकेत न थांबता फ्रान्सला परत, एकोल पॉलितेक्निकला शिकवलं, मग जन्मगावी परत, आणि 1990 च्या सुमारास तिथेच अर्थशास्त्राची संशोधन संस्था काढली. आणि एवढं गणित करणारा माणूस शेवटी आयव्हरी कोस्टचा टेलिफोन, लॅटिन अमेरिकेतलं पाणी असल्या विषयांत. हा प्रवास उलटा नाही का? थिअरीवाल्याला डेव्हलपमेंट (गरीब देशांचं अर्थशास्त्र) कशाला लागतं? मलाही पीएचडीचं ठरवायचंय म्हणून विचारतोय.

मीटरचा_काटा
उलटा कसला, सरळच आहे. मी वीजदराच्या पिटिशनवर काम करतो (कुठे ते विचारू नका) म्हणून माझ्या पद्धतीने सांगतो. कंपनी दर ठरवणाऱ्या आयोगापुढे येते, सोबत हे जाडजूड बाड. पगार इतका, दुरुस्ती इतकी, गळती इतकी, व्याज इतकं, झाला एवढा खर्च, द्या भरून. आता त्यातला किती खर्च खरोखर लागलाच असता आणि किती निव्वळ ढिलाईने झाला हे कंपनीला माहीत, समोर बसलेल्याला नाही. मी एका ट्रू-अपला (म्हणजे मंजूर आणि प्रत्यक्ष खर्चाचा मेळ घालताना) तीन दिवस फक्त ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या बिलांवर घालवलेत आणि शेवटी कपाळ धरून बसलो, कारण बिलं सगळी खरी होती, पण ट्रान्सफॉर्मर मुळात जळतातच का याचं बिल नसतं ना.

लाफाँ आणि तिरोलचा 1986 चा पेपर नेमका इथं आहे. सगळा खर्च भरून दिलात तर काटकसर करायला कोण मरायला जातंय. उलट ठरावीकच रक्कम दिलीत तर कंपनी झटून काम करेल पण जी मुळातच स्वस्तात काम करू शकते ती फुकटचा मलिदा खाईल. मग त्यांनी म्हटलं एकच करार लादू नका, दोन-तीन करार समोर ठेवा आणि कंपनीला निवडू द्या. जिचा खर्च कमी ती ठरावीक रकमेचा घेईल, जिचा जास्त ती खर्च वाटून घेणारा. निवडीतूनच तिचं पितळ उघडं.

आता हेच गरीब देशात न्या. सरकारकडे पैसा महाग, म्हणजे कर गोळा करतानाच इतकी नासाडी होते की श्रीमंत देशांत एका फ्रँकमागे साधारण 0.3 चा जादा भुर्दंड धरतात तिथे लाफाँ गरीब देशांसाठी 1 च्या वरचा आकडा धरतो. मग कंपनीला मलिदा सोडणं आणखी टोचतं, म्हणजे खर्च भरून देणाऱ्या कराराकडे झुका. पण खर्च भरून द्यायचा तर हिशेब तपासणारा चोख हवा, आणि तोच नसतो! म्हणजे झुका उलटीकडे. पाठ्यपुस्तकातलं उत्तर तिथं नेलं की असं स्वतःशीच भांडायला लागतं. थिअरीवाल्याला याहून गोड काय मिळणार सांग.

गारोनकाठचा_पोरगा
तुलूझला मास्टर्स केलं मी. त्या लोकांचे जुने पेपर उघड, पहिल्या पानावर तळाशी पत्ता असतो, 'मॅन्युफॅक्चर दे तबा', म्हणजे चक्क जुना तंबाखूचा कारखाना, आणि त्याच्या एका विंगला लाफाँचंच नाव दिलंय. तिरोल एमआयटी सोडून तिथं आला तो मुख्यतः या माणसामुळे. लाफाँ 2004 च्या मे महिन्यात कॅन्सरने गेला, 57 चा होता, त्याआधी 2001 पासून अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातही प्राध्यापकाच्या चेअरवर होता, त्यामुळे 'अमेरिका सोडली ती सोडली' असंही नाही हं. रेग्युलेशन आणि डेव्हलपमेंटवरचं त्याचं पुस्तक आलं 2005 ला, म्हणजे ते छापलेलं त्याने बघितलंच नाही. नोबेल मेलेल्याला देत नाहीत, नाहीतर 2014 ला दोन खुर्च्या लागल्या असत्या असं माझं मत.

खडूस_तात्या
सगळं छान पण एक कुणीच बोलत नाही. त्या संस्थेचा पैसा कुठला? फ्रान्स टेलिकॉम, वीजवाली ईडीएफ, असल्या कंपन्यांशी संशोधनाचे करार. रेग्युलेटर कंपनीच्या खिशात कसा जातो यावर आयुष्यभर लिहायचं आणि पगार त्याच कंपन्यांकडून? आमच्याकडे याला कुंपणानेच शेत खाणं म्हणतात.

गारोनकाठचा_पोरगा
तात्या मुद्दा रास्त आहे, तिथे कॉफी पितानाही हा वाद व्हायचा. पण सरकारी पैशाने माणूस स्वच्छ राहतो हे लाफाँला मान्यच नव्हतं. 1999 ला पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेपुढे त्याने राज्यव्यवस्थेवर अहवाल ठेवला, त्यात सरळ म्हटलं की नेते आणि अधिकारीही इतरांसारखेच स्वतःचा फायदातोटा बघून वागतात, म्हणून व्यवस्था तशी रचा. समोर बसलेले सगळे बडे अधिकारी आणि राजकारणी, नुसती आग आग झाली त्यांची. कंपनीचा पैसा घेऊन कंपनीची बाजू मांडली असा पेपर दाखव, मग बोलू.

खडूस_तात्या
बाजू मांडावी लागत नाही रे, कुठला प्रश्न विचारायचा नाही एवढं ठरलं तरी पुरतं.

मीटरचा_काटा
तात्यांना 1 मार्क. पण करार मोडण्यावर त्याने काम केलंय गुआश आणि स्त्रॉब या अर्थशास्त्रज्ञांबरोबर ते बघा. लॅटिन अमेरिकेत 1985 ते 2000 मधले हजारभर कन्सेशन करार (पाणी, रस्ते वगैरे कंपनीला चालवायला देण्याचे), त्यातले 30 टक्के पुन्हा टेबलावर आले, पाण्यात तर जवळजवळ चारातले तीन, आणि सरासरी सव्वादोन वर्षांत. आपण दाभोळचा एन्रॉन वीजप्रकल्प बघितलाय, 1993 चा करार, 95 ला रद्द, 96 ला पुन्हा, 2001 ला वीजच बंद. त्यामुळे मला ते टेबल वाचताना परकं काही वाटलंच नाही.

पावशेर_अर्थशास्त्री
बापरे, थँक्यू सगळ्यांना. 1986 चा पेपर डाउनलोड केला, तिसऱ्या पानालाच अडकलो. कुठून शिरू?

मीटरचा_काटा
कंपन्यांचे दोनच प्रकार धर, एक स्वस्तवाली एक महागवाली. महागवालीचा करार स्वस्तवालीने ढापू नये एवढी एकच अट कागदावर मांड. ती जमली की परत ये, पुढचं बघू.