इंजिनाचा धूर आणि सौर पंप

दादा, जुन्या डिझेल इंजिनाचा धूर कमी करायला सरकार पैसे देतं का, असं तुम्ही विचारलंत. शेतीपंपापुरतं सांगतो: सरकारचा भर इंजिन सुधारण्यापेक्षा ते हटवून सौर पंप देण्यावर आहे. २०१९ मध्ये केंद्राची कुसुम ही सौर पंपाला अनुदान देणारी योजना आली, २०२४ मध्ये राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. पंपाच्या किमतीपैकी खुल्या गटाला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के भरायचे. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, पाचपर्यंत ५, पुढे साडेसात. विहिरीवर आधीच वीजजोडणी असेल तर मात्र नाव विसरा.

आमचं गेवराईकडचं इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं. हँडल उलटं फिरलं की मनगट गेलंच म्हणून समजा. धुराड्याजवळच्या तुरीची पानं काळी पडायची, पुसली तर बोटाला तेलकट काजळी. एक लिटर डिझेल जळालं की अडीच किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड, पण वडिलांना त्याचं काय? त्यांचा हिशेब कॅनचा.

सौर पंप आला, तरी इंजिन विकलं नाही. पोत्याखाली झाकून ठेवलंय. आभाळ भरून आलं की पंपाची धार करंगळीएवढी होते, अन् हरभऱ्याला पाणी त्याच आठवड्यात लागतं. एप्रिलात विहीरच कोरडी, मग पंप कुठलाही असो! सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का, ते मात्र अर्जाआधी बघा. आमचं तिथंच अडलं होतं.