विषय: वाद्यांच्या विम्याचे नूतनीकरण – सभासदांची स्वतःची वाद्ये यादीत घ्यायची की नाही?

प्रेषक: सहकार्यवाह, फोंडा

नमस्कार मंडळी,

वाद्यांच्या पॉलिसीची मुदत महिनाअखेरीस संपते आणि एजंटने शुक्रवारपर्यंत यादी मागितली आहे. मंडळाच्या मालकीच्या पेट्या, तबल्याचे जोड, पखवाज, मिक्सर आणि माइक यांविषयी काही प्रश्न नाही. अडले आहे ते मडगावच्या ताईंच्या तंबोऱ्यांवर, म्हापशाच्या काकांच्या जुन्या पेटीवर आणि आरती पथकाच्या घुमटांवर (मातीचे, चामड्याने मढवलेले गोव्यातले वाद्य). ही वाद्ये वर्षभर मंडळाच्या कोठीत असतात आणि प्रत्येक कार्यक्रमाला मंडळच ती नेते-आणते, पण मालक सभासद आहेत. राजीव गांधी कला मंदिरातल्या कार्यक्रमापूर्वी याचा निकाल लागायला हवा, म्हणून आपले मत आजउद्या कळवावे.

प्रेषक: कोषाध्यक्ष

सभासदांची वाद्ये मंडळाच्या खर्चाने विम्यात घ्यायला माझा विरोध आहे आणि तो मी मागच्या बैठकीतही नोंदवला होता. हप्त्यावर अठरा टक्के जीएसटी वेगळा भरावा लागतो. वर्गणीतून आलेला पैसा खासगी मालमत्तेच्या हप्त्यात गेला, तर हिशेब तपासनीस उद्या प्रश्न विचारतील आणि उत्तर मला द्यावे लागेल. ज्यांची वाद्ये आहेत त्यांनी ती आपापल्या घराच्या विम्यात घालावीत, म्हणजे मंडळावर भार येणार नाही.

प्रेषक: एक सभासद, मडगाव

कोषाध्यक्षांना आदरपूर्वक सांगते की तंबोरे कोठीत ठेवण्याची विनंती मंडळाने केली होती, मी नव्हे. माझ्या सासऱ्यांनी ते मिरजेहून करून आणले होते. त्याची पावती आज कोणाकडेही नाही, आणि पावतीवाचून नवी नोंद होत नाही, असे एजंट म्हणतो. घराच्या विम्यावर विसंबून राहण्याचा अनुभव आमच्या घरात झालेला आहे. मुलाची पेटी गाडीच्या मागच्या सीटवरून चोरीला गेली. आम्ही देवळात जेमतेम अर्धा तास होतो. गाडीची काच फुटलेली नव्हती, कुलूप मोडलेले नव्हते, त्यामुळे जबरदस्तीने आत शिरल्याची खूण नाही, या एका वाक्यावर कंपनीने दावा नाकारला. पोलिसांचा कागद हातात असूनही काही उपयोग झाला नाही. ती पेटी मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून वाजवत होता आणि तिचा भाता त्याच्या हाताला इतका बसलेला होता, की नवी पेटी घेतल्यावरही तो महिनोन्महिने रियाजाला बसला नाही. म्हणून पैशापेक्षा मला याची काळजी अधिक आहे, की तंबोरे नेताना आणि ठेवताना जबाबदारी कोणाची, हे कुठेतरी लिहिलेले असावे.

प्रेषक: एक सभासद, म्हापसा (विमा कंपनीतून निवृत्त)

ताईंचे पत्र वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट घराच्या विम्याची. 2021 पासून सर्व कंपन्या घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची पॉलिसी देतात. तिच्यात आग, पूर, वादळ अशा आपत्तींचे संरक्षण आहे, पण चोरी धरली जाते ती अशी आपत्ती घडल्यापासून सात दिवसांत झाली तरच. एरवी घरातून वाद्य चोरीला गेले, तर ती पॉलिसी उपयोगी पडत नाही, त्यासाठी घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. शिवाय ती घरातल्या सामानाची पॉलिसी आहे आणि तंबोरे तर कोठीत आहेत. तेव्हा कोषाध्यक्षांनी सुचवलेला मार्ग इथे लागू होत नाही.

दुसरी गोष्ट घरफोडीच्या पॉलिसीची. मंडळाकडे सध्या तीच आहे. बळजबरीने शिरल्याचा किंवा बाहेर पडल्याचा पुरावा असेल तरच ती पैसे देते. उघड्या दाराने कोणी वाद्य उचलून नेले, किंवा ज्याला आत येण्याची मुभा होती त्यानेच ते नेले, तर ती चोरी या पॉलिसीत बसत नाही. फिरत्या वाद्यांसाठी ‘ऑल रिस्क’ पॉलिसी घ्यावी लागते. तिच्यात एकेक वाद्य वर्णनासह आणि किमतीसह नोंदवतात आणि ते देशात कुठेही असले तरी संरक्षण मिळते. मात्र तिच्या वगळलेल्या बाबी बारकाईने वाचा. कुलूप लावलेली, सर्व बाजूंनी बंद गाडी नसेल, तर गाडीतून झालेली चोरी बहुतेक मसुद्यांत धरत नाहीत. आपली वाद्ये मागे उघड्या टेम्पोतून ताडपत्रीखाली जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वाद्याला तडा जाणे, ओरखडा पडणे, ते मोडणे ही नुकसानीही सहसा वगळलेली असते, फक्त आग लागली किंवा वाहनाला अपघात झाला तर ती मिळते. तंबोऱ्याचा भोपळा हमालाच्या हातून पडून फुटला, तर पैसे मिळतील असे समजू नका. झीज, गंज, बुरशी, कीड यांचेही तसेच आहे. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत पेटीच्या सुरांवर (आतल्या धातूच्या पट्ट्यांवर) गंज चढतो आणि तबल्याच्या पुडीवर पांढरी बुरशी येते. त्यावर कोरडी खोली हाच इलाज आहे, विमा नव्हे.

तिसरी गोष्ट मालकीची, आणि खरा पेच तोच आहे. ज्या वस्तूच्या नुकसानीने आपले आर्थिक नुकसान होते तिचाच विमा आपण उतरवू शकतो. सभासदाने विश्वासाने सोपवलेल्या वाद्याची जबाबदारी मंडळावर असेल, तर मंडळाला असा हितसंबंध आहे, परंतु पॉलिसीत ‘मंडळाच्या ताब्यात विश्वासाने ठेवलेली आणि ज्यांची जबाबदारी मंडळावर आहे अशी वाद्ये’ या आशयाची ओळ हवी आणि तिच्याबरोबर मालकाच्या सहीचा ठेव-कागद हवा. नुसते यादीत नाव घालून भागत नाही. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) पहिला प्रश्न विचारतो तो मालक कोण, आणि दुसरा, वाद्य त्या दिवशी कोणाच्या ताब्यात होते.

किमतीविषयीही एक सांगतो. वाद्ये चार लाखांची असून दोन लाखांचाच विमा उतरवला, तर पन्नास हजारांच्या नुकसानीला पंचवीस हजारच मिळतात, कारण कमी विम्याचा वाटा मालकाला सोसावा लागतो. हप्ता वाचवण्यासाठी किंमत कमी दाखवण्याची सूचना मागे आली होती, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. ताईंना पावती नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मिरजेच्या कारागिराकडून लाकूड, भोपळा, नक्षी आणि आजची किंमत लिहिलेले मूल्यांकनपत्र घ्यावे आणि तंबोऱ्याचे चारी बाजूंनी फोटो काढावेत. 2024 साली मिरजेच्या तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे तिथल्या कारागिराच्या पत्राला वजन आहे. ते पत्र एजंटमार्फत न पाठवता कंपनीच्या कार्यालयाकडून आधीच मान्य करून घ्यावे.

प्रेषक: कोठीप्रमुख

म्हापशाच्या काकांनी ताब्याचा प्रश्न काढला, म्हणून लिहितो. कोठीची नोंदवही मी सुरुवातीपासून ठेवतो आहे. वाद्य कधी गेले, कोणी नेले, केव्हा परत आले, हे सगळे तिच्यात आहे. अडचण अशी, की किल्ल्या आता तीन माणसांकडे आहेत आणि तालमीच्या दिवशी वहीत सही न करता पखवाज नेला जातो. मला विचारल्याशिवाय तिसरी किल्ली कोणी बनवली, हे अजून कळलेले नाही. सर्व्हेअर येऊन वही मागणार असेल, तर किल्ली एकाच माणसाकडे हवी. ती जबाबदारी माझी आहे आणि ती मी सोडणार नाही.

प्रेषक: घुमट आरती पथक, डिचोली

घुमट यादीत घ्यावेत, असा आमचा आग्रह आहे. 2019 साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, मग विम्याच्या यादीत पेटी-तबल्याला जागा आणि घुमट बाहेर, हे योग्य नाही. मातीचे वाद्य आहे, वाटेत फुटते, हे खरे आहे. पण जोडीच्या समेळासह (ढोलासारखे वाद्य) आणि कासाळ्यासह (झांज) ते चोरीला गेले, तर चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर आम्ही नवीन कुठून आणणार?

प्रेषक: एक सभासद, म्हापसा

फक्त घुमटापुरते लिहितो. वाटेत फुटण्याची नुकसानी मिळणार नाही, हे वर आलेच आहे, चोरी आणि आगीसाठी मात्र ते जरूर घ्यावेत. पण आधी प्रत्येक घुमटाचे चामडे तपासा. बकरीच्या कातड्याचे घुमट निःशंक नोंदवा. जुन्या घुमटांवर घोरपडीचे कातडे असेल, तर ते यादीत घालू नका, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले आहे आणि जी वस्तू बाळगणेच बेकायदा, तिचा दावा उभा राहणार नाही. अशा यादीवर मंडळाची सही गेली, तर अडचण वेगळीच होईल. जुने नादमधुर घुमट बाजूला ठेवताना पथकाला वाईट वाटेल, याची मला जाणीव आहे.

प्रेषक: एक सभासद, मडगाव

काकांचे आभार. मूल्यांकनपत्रासाठी मिरजेला आजच फोन करते. आणखी एक विचारायचे आहे. मुंबईच्या कार्यक्रमाला तंबोरे कोकण रेल्वेने जाणार असतील आणि डब्यातून चोरीला गेले, तर रेल्वे भरपाई देते का? आणि तक्रार मडगावला करायची की जिथे लक्षात आले तिथे?

प्रेषक: एक सभासद, म्हापसा

ताई, बुक न केलेल्या, स्वतःजवळच्या सामानाची जबाबदारी, रेल्वेचा किंवा तिच्या नोकरांचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय, रेल्वे घेत नाही. 1989 च्या रेल्वे कायद्यात तसे स्पष्ट आहे. सामान बुक करून पावती घेतली, तर गोष्ट वेगळी. तक्रारीचे म्हणाल, तर जिथे लक्षात येईल तिथल्या पोलिसांकडे लगेच जावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद आहे. एफआयआरची प्रत हातात घ्या, तिच्यात वाद्याचे वर्णन पॉलिसीतल्या वर्णनाशी जुळते का ते पाहा, आणि कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. घरी परतल्यावर कळवू, असे करू नका.

प्रेषक: कोषाध्यक्ष

ठेव-कागद होणार असेल आणि सभासदांच्या वाद्यांचा हप्ता वेगळा मोजून तो मालकांकडून घेतला जाणार असेल, तर माझा विरोध मागे घेतो. पैसे जमा झाल्याशिवाय मात्र कंपनीला धनादेश जाणार नाही.

प्रेषक: सहकार्यवाह, फोंडा

सर्वांची मते पाहता घरफोडीची पॉलिसी कोठीपुरती कायम ठेवून फिरत्या वाद्यांसाठी ऑल रिस्कचा मसुदा मागवत आहे, आणि विश्वासाने ठेवलेल्या वाद्यांची ओळ त्यात शब्दशः आली आहे का, हे म्हापशाच्या काकांनी सहीपूर्वी पाहावे, ही विनंती. ज्यांची वाद्ये आहेत त्यांनी फोटो, मालकाचे नाव आणि किंमत गुरुवारी रात्रीपर्यंत पाठवावी. पथकाने चामडे तपासलेल्या घुमटांचीच नावे द्यावीत. किल्ल्यांचा निर्णय रविवारच्या बैठकीत होईल आणि तोवर तिन्ही किल्ल्या कोठीप्रमुखांकडे जमा कराव्यात.

प्रेषक: कोठीप्रमुख

किल्ल्या मिळाल्यावर पोच देईन. बंद गाडीची चौकशी केली आहे. फोंड्यात ती मिळते, पण भाडे उघड्या टेम्पोपेक्षा जास्त आहे. तंबोरे त्या गाडीत उभे मावत नाहीत, आडवे ठेवून खाली गादी घालावी लागेल. भाड्याचा फरक मंडळ देणार का, हे कोषाध्यक्षांनी कळवावे, म्हणजे गाडी आजच ठरवतो.