एकच आकार नकाशावर लहान-मोठा करून वापरायचाय, नीट पद्धत कोणती?

सातारी_कोडर
मंडळी, जिल्ह्यातल्या किल्ल्यांचा नकाशा करतोय एसव्हीजीमध्ये (चित्र कोडनं लिहायची पद्धत). अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड, वासोटा, सगळे. बुरुजाचं एक आयकॉन काढलंय २४ बाय २४ चं, ते कुठं मोठं कुठं छोटं हवंय. आधी प्रत्येक ठिकाणी तोच पाथ (आकाराच्या रेघांचा कोड) कॉपी केला होता, पण एक रेघ बदलायची म्हटली की सगळीकडं हात फिरवायला लागतो. म्हणून आता पाथ एका जी टॅगात (आकारांचा गट) घालून यूज टॅगनं (तोच आकार परत दाखवणारा) बोलावलाय, तर विड्थ ४८ देऊन पण आकार हलतच नाही. स्केल २ दिलं की वाढतो पण बॉर्डर दुप्पट जाड होती, आणि वायव्येला असलेला प्रतापगड खाली साताऱ्याकडं येऊन बसतो. काय करू?

कराडकर
यूजची विड्थ-हाइट फक्त सिम्बॉल (परत परत वापरायचा आकार ठेवायचा टॅग) नाहीतर एसव्हीजी टॅगलाच लागू होते भावा, जी ला दिली की ब्राउझर बघतच नाही तिकडं. जी चा सिम्बॉल कर आणि त्याला व्ह्यूबॉक्स (आतल्या चित्राची चौकट) दे ० ० २४ २४, मग यूजवर ४८ टाक नाहीतर १६ टाक, बरोबर बसतंय. आयकॉन सरकतंय कारण स्केल शून्य-शून्यपासून मोजतं, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यापासून, त्यामुळं एक्स-वाय पण दुप्पट होतात.

कृष्णाकाठ_सांगली
जी ठेवूनच करायचं असेल तर ट्रान्सफॉर्म असा लिहा: आधी ट्रान्सलेट किल्ल्याच्या जागेवर, मग स्केल, मग ट्रान्सलेट उणे १२, उणे २४. हे उजवीकडून लागू होतं, म्हणजे पहिल्यांदा बुरुजाचा पायथा शून्यावर येतो, तिथं आकार बदलतो आणि मग उचलून जागेवर ठेवला जातो. यूजवर एक्स-वाय वेगळे देऊ नका, ते पण स्केल होतील. बॉर्डरसाठी व्हेक्टर-इफेक्ट नॉन-स्केलिंग-स्ट्रोक (आकार बदलला तरी रेघ तेवढीच जाड राहते), पण तो पाथवरच लिहा, जी वर लिहिलेला खाली उतरत नाही. रंग मात्र खाली उतरतो, त्यामुळं पाथला फिल करंटकलर (म्हणजे वरून आलेला रंग) ठेवा आणि प्रत्येक यूजला कलर द्या. एक सांगते, १२ पिक्सेलला तीच रेघ ठेवली तर तटाचे कंगोरे एकमेकांना चिकटतात, तेवढ्या लहान साइजला साधा वेगळा सिम्बॉल काढलेला केव्हाही चांगला.

मिरज_जंक्शन
यूजनं फाइल छोटी होती, पण ब्राउझर प्रत्येक यूजची आत वेगळी प्रत बनवतो, काढायचं काम कमी होत नाही. किल्ल्यांना चालतंय की. उद्या हजारो झाडं-विहिरी टाकायच्या म्हटलं तर कॅनव्हास (जावास्क्रिप्टनं चित्र काढायचा टॅग) घे, पाथ२डी (त्यातला साठवलेला आकार) एकदाच बनव, तोच वेगवेगळ्या ट्रान्सफॉर्मनं काढ, आणि स्ट्रोकच्या आधी लाइनविड्थला स्केलनं भाग.

सातारी_कोडर
सिम्बॉल केला, प्रतापगड जागेवर गेला, लय भारी. फक्त बुरुजाची डावी रेघ अर्धी कापल्यासारखी दिसतीय?

कराडकर
पाथ अगदी शून्यावर असणार. रेघ निम्मी आत निम्मी बाहेर असती आणि सिम्बॉल बाहेरचं कापतो. व्ह्यूबॉक्स उणे १ उणे १ २६ २६ कर, नाहीतर सिम्बॉलला ओव्हरफ्लो व्हिजिबल दे. मी व्ह्यूबॉक्सच वाढवतो, फक्त मग बुरूज त्याच ४८ मध्ये थोडा बारीक दिसेल, ५२ कर.