स्मार्टवॉच घ्यावे की नाही, हे कसे ठरवावे?

पायवाट (प्रश्न)

मी आजवर काट्यांचे साधे घड्याळ वापरत आले आहे आणि त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. अलीकडे मात्र स्मार्टवॉच घ्यावे का, हा विषय घरात वारंवार निघतो आणि दर वेळी अर्धवट राहतो, म्हणून जाणकारांकडून नीट समजून घ्यावे असे ठरवले.

माझे काम दिवसभर खुर्चीत बसून करण्याचे आहे. चालणे वाढवा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि मनगटावर पावलांचा आकडा दिसत राहिला तर नेम टिकेल, असे वाटते. शिवाय बैठकीत असताना फोन पिशवीत असतो आणि घरून आलेला महत्त्वाचा फोन हमखास चुकतो. हे झाले माझ्यापुरते. खरी चिंता वडिलांची आहे. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांना उच्च रक्तदाब आणि मधुमेह आहे आणि दिवसाचा बराच वेळ ते घरी एकटे असतात. रक्तदाब, साखर, ऑक्सिजन आणि ईसीजी हे सारे एकाच घड्याळात मिळते, अशा जाहिराती पाहून त्यांनाही एक घेऊन द्यावे, असे भावाचे म्हणणे आहे.

या आकड्यांवर कितपत विसंबावे? माझा फोन अँड्रॉइड आहे आणि वडिलांकडे भावाचा जुना आयफोन आहे, त्याने काही फरक पडतो का? असे घड्याळ साधारण किती वर्षे चालते?

लोलक

नाडीचे ठोके आणि पावले यांपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या स्वतःच्या गरजेशी त्यांचाच संबंध आहे.

घड्याळ काढून उलटे केले की मागच्या काचेत हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालच्या रक्तवाहिन्यांत रक्त किंचित वाढते, त्यामुळे परत येणारा प्रकाश तेवढाच कमी होतो आणि हा चढउतार शेजारचा सेन्सर टिपत राहतो. तुम्ही स्वस्थ बसलेल्या असाल किंवा एका लयीत चालत असाल, तर हे मोजमाप बरेच अचूक येते. वजन उचलताना मूठ आवळली, पट्टा सैल राहिला, थंडीने हात गार पडले किंवा नेमके त्याच जागी गोंदलेले असले, की ते डगमगते. धावताना तर कधी कधी घड्याळ पावलांची लय हीच नाडीची लय धरून चालते आणि प्रत्यक्षात नसलेला मोठा आकडा दाखवते. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, रुतणार नाही इतपत घट्ट पट्टा बांधला तर यातील बराचसा दोष दूर होतो.

खर्च झालेल्या कॅलरींच्या आकड्याकडे मात्र दुर्लक्ष करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये ६० स्वयंसेवकांच्या मनगटांवर सात उपकरणे तपासली, तेव्हा त्यांपैकी सहा उपकरणांची नाडी मोजण्यातील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी आणि सर्वांत वाईट तब्बल ९३ टक्क्यांनी चुकले. त्यानंतर उपकरणे सुधारली आहेत, परंतु शरीर किती ऊर्जा वापरते हे घड्याळ प्रत्यक्ष मोजत नाही, ते वजन, वय, हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधते, ही मूळ अडचण तशीच आहे. घड्याळाने दाखवलेल्या कॅलरींच्या भरवशावर कोणी आहार ठरवू लागला, तर त्याची फसगत ठरलेली आहे.

पावलांचे गणित हाताच्या हालचालीवर चालते. त्यामुळे बाबागाडी ढकलताना किंवा दोन्ही हातांत सामान घेऊन चालताना काही पावले निसटतात. तुमच्या कामासाठी याने बिघडत नाही, कारण तुम्हाला कालच्यापेक्षा आज अधिक चाललो का एवढेच पाहायचे आहे. मात्र घड्याळात आधीच भरून ठेवलेल्या १०,००० पावलांच्या लक्ष्याचा धसका घेऊ नका. हा आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकामुळे रूढ झाला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रियांचा जो अमेरिकी अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी आढळले आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ स्थिरावला. तुम्ही बहुधा त्या वयोगटातील नाही, तरी थोडे वाढवले तरी फरक पडतो, एवढे त्यातून दिसते.

पावले तुमचा फोनही मोजतोच. तो दिवसभर पिशवीत असतो म्हणून मोजणी अपुरी पडते, हे खरे; पण खरेदीपूर्वी काही आठवडे फोन खिशात ठेवून तोच आकडा रोज पाहा. त्या आकड्यामुळे तुम्ही खुर्चीतून उठत असाल, तर घड्याळ तुमच्या उपयोगी पडेल. आकडा नुसता पाहून सोडून देत असाल, तर तो मनगटावर आला तरी तेच होण्याची शक्यता अधिक आहे.

नाडी

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून वडिलांविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

सर्वप्रथम साखर. त्वचेला न टोचता रक्तातील साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली आणि अशी उपकरणे वापरू नयेत असे बजावले. दंडावर किंवा पोटावर चिकटवलेल्या, त्वचेखाली बारीक तंतू असलेल्या सेन्सरचे आकडे काही घड्याळांच्या पडद्यावर दिसतात, ती गोष्ट वेगळी. तिथे मोजणारा सेन्सर असतो, घड्याळ केवळ दाखवते. जे घड्याळ स्वतःच साखर मोजते असा दावा करते, ते कृपया वडिलांच्या हाती देऊ नका. चुकीच्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन किंवा गोळी जास्त घेतली गेली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

रक्तदाबाचे दोन प्रकार बाजारात आहेत. काही थोड्या घड्याळांच्या पट्ट्यातच हवेने फुगणारी पिशवी असते. बाकीची घड्याळे प्रकाशाच्या साहाय्याने अंदाज बांधतात आणि त्यांतील जबाबदार उत्पादक दर चार आठवड्यांनी दंडावरच्या यंत्राशी जुळणी करून घ्यायला सांगतात. म्हणजे दंडावरचे यंत्र घरात लागतेच. तेव्हा आधी तेच घ्या. वडिलांना पाठ टेकवून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटे शांत बसू द्या, दंड छातीच्या पातळीवर ठेवा, मोजताना बोलू देऊ नका, आणि आकडे वहीत तारीख-वेळेसह लिहून ठेवा. तपासणीच्या वेळी ती वही आम्हाला घड्याळातील रंगीत आलेखांपेक्षा कितीतरी अधिक सांगते.

ऑक्सिजनच्या आकड्याने पटकन घाबरून जाऊ नये आणि पटकन निश्चिंतही होऊ नये. हे मोजमाप लाल आणि अवरक्त प्रकाशावर चालते. गार त्वचा, हलणारा हात आणि त्वचेचा गडद वर्ण या तिन्हींचा त्यावर परिणाम होतो.

ईसीजीची सोय मात्र खरोखर उपयुक्त आहे, तिची मर्यादा ओळखली तर. घड्याळाचा ईसीजी एकाच लीडचा असतो, म्हणजे हृदयाची विद्युत्‌क्रिया तो एकाच बाजूने पाहतो; रुग्णालयातील बारा लीडचा. हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा एट्रियल फिब्रिलेशन नावाचा विकार त्यात दिसू शकतो, आणि पक्षाघाताचा धोका वाढवणारा हा विकार अनेकदा कोणतेही लक्षण न दाखवता वावरतो, म्हणून त्याचे मोल आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चार लाखांहून अधिक लोकांच्या एका अभ्यासात घड्याळाने नाडीवरून अनियमिततेची सूचना दिलेल्यांचे प्रमाण सुमारे ०.५ टक्का होते. त्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांच्यातील ३४ टक्के लोकांमध्ये त्या काळात हा विकार नोंदला गेला. तो येऊनजाऊन असतो, त्यामुळे उरलेल्यांना तो नव्हताच असे म्हणता येत नाही. परंतु हृदयविकाराचा झटका घड्याळाला ओळखता येत नाही. छातीत दुखत असताना घड्याळात सर्व ठीक दिसते म्हणून घरी थांबणे, यासारखा घातक निर्णय दुसरा नाही.

वडिलांना पेसमेकर असेल, तर घड्याळ आणि त्याचा चुंबकीय चार्जर छातीपासून किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवावा, आणि खरेदीपूर्वी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

साधा काटा

एवढेच जोडतो की घड्याळ झोपेला जे गुण देते, ते रोज पाहण्याची सवय लावून घेऊ नका. झोपेच्या अवस्था खात्रीने ओळखायच्या तर मेंदूतील विद्युत्‌लहरी नोंदवाव्या लागतात. घड्याळ हालचाल आणि नाडी यांवरून कयास करते. एकूण झोप किती झाली हे ते बऱ्यापैकी सांगते, गाढ झोप किती झाली हे तितक्या भरवशाने सांगत नाही. माझी बहीण सकाळी ताजीतवानी उठायची आणि घड्याळाने कमी गुण दिले की दिवसभर थकल्यासारखी वावरायची. आता ती रात्री घड्याळ काढून ठेवते.

अनुदिनी

फोनचा मुद्दा मागे पडू नये, कारण अनेकांची खरेदी तिथेच फसते. ॲपल वॉच अँड्रॉइड फोनशी जोडता येत नाही. उलट बाजूला, २०२१ च्या गॅलेक्सी वॉच ४ पासून सॅमसंगची ही घड्याळे आयफोनशी जोडली जात नाहीत आणि त्यांची ईसीजीची सोय सॅमसंगचाच फोन असेल तर मिळते. तुमच्या वडिलांचा आयफोन जुना आहे, म्हणून आणखी एक गोष्ट तपासा: नव्या ॲपल वॉचला आयओएसची, म्हणजे आयफोनच्या कार्यप्रणालीची, नवी आवृत्ती लागते आणि जुना फोन तिथवर पोहोचतोच असे नाही. साधे फिटनेस बँड बहुधा दोन्हीकडे चालतात.

आयुष्य बॅटरीवर आणि कंपनीवर अवलंबून असते. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता सर्वसाधारणपणे ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर जाणवण्याइतकी उतरते. जे घड्याळ रोज पूर्ण रिकामे होते, ते दीड वर्षात तिथे पोहोचते. जे आठवड्यातून एकदा चार्ज करावे लागते, त्याला बरीच वर्षे लागतात. बॅटरी बदलून मिळते का, हे म्हणूनच आधी विचारावे. कंपनीचे म्हणाल, तर पेबल हे अनेकांचे लाडके घड्याळ होते. २०१६ मध्ये कंपनी बंद झाली, तिचा मोठा भाग फिटबिटने घेतला आणि जून २०१८ अखेर पेबलच्या ऑनलाइन सेवा थांबल्या. पुढे २०२१ मध्ये फिटबिटही गूगलकडे गेली. हातातले घड्याळ धडधाकट असताना त्यामागची सेवा संपू शकते, हे ध्यानात ठेवून अपडेट किती वर्षे देणार याचे लेखी आश्वासन पाहावे.

पाण्याविषयी: घड्याळावर लिहिलेले ५ एटीएम (वातावरणाच्या पाचपट दाब) याचा अर्थ ५० मीटर खोलीवर डुबकी मारावी असा नव्हे. ती स्थिर दाबाची प्रयोगशाळेतील चाचणी आहे. गरम पाणी, साबण आणि काळ यांमुळे आतली रबरी कडी सैलावत जाते.

नोंदी कुठे साठतात, हेही पाहावे. स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये वापरकर्त्यांच्या धावण्याचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला आणि पुढच्या जानेवारीत त्यात लष्करी तळांवरचे मार्ग उमटलेले लोकांच्या लक्षात आले. घरापासून सुरू होणारा मार्ग सार्वजनिक होऊ नये, अशी सेटिंग पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. साखर आणि रक्तदाब यांसाठी घड्याळ नको, हे आता पक्के झाले. दंडावरचे यंत्र या आठवड्यात घेते. माझ्यासाठी आधी काही आठवडे फोनवर मोजणी करून पाहीन आणि नेम टिकला तर साधा बँड घेईन. एक शंका उरते. वडील एकटे असतात, त्यामुळे पडल्याचे ओळखून मदत मागणारे घड्याळ त्यांना द्यावे का? पेसमेकर नाही.

नाडी

माझ्या मते तुमच्या यादीतील हेच कारण सर्वांत सबळ आहे. जोराचा आपट बसल्याचे घड्याळाला जाणवले की ते कंप पावते, आवाज करते आणि सुमारे मिनिटभर माणूस हलला नाही तर मदतीसाठी फोन लावते व ठरवून दिलेल्या व्यक्तींना कळवते. मात्र खुर्चीवरून हळूच घसरणे त्याच्या लक्षात येईलच असे नाही, म्हणून बटण दाबून मदत मागण्याची रीत वडिलांकडून दोन-तीनदा करून घ्या. फोन लावण्यासाठी आयफोन जवळ हवा किंवा घड्याळाला स्वतःची मोबाइल जोडणी हवी. फोन एका खोलीत आणि वडील अंगणात, अशी स्थिती नेहमीची असेल तर दुसरा पर्याय निवडा.

अनुदिनी

चार्जिंगची वेळ आधी ठरवा. बहुतेक जण रात्री घड्याळ काढून ठेवतात, आणि वयस्कर माणसे रात्री उठून न्हाणीघराकडे जातानाच अनेकदा पडतात. त्यामुळे संध्याकाळी तुम्ही घरी असताना ते चार्जिंगला लावावे आणि झोपण्यापूर्वी पुन्हा हातात बांधावे. दुकानात वडिलांना सोबत न्या. पट्ट्याचे बक्कल त्यांना एका हाताने लावता येते का, चष्मा नसताना अंक दिसतात का आणि कंप जाणवतो का, हे तिथेच पाहून घ्या.