रॅग्लन स्वेटर वरून खाली विणून राहिली, टाके कमी भरले. सगळं उसवू का?

धंतोली_विणकाम यांचा प्रश्न

नमस्कार सगळ्यांना. मुलीसाठी (वय ८) पहिल्यांदाच गळ्यापासून खाली येणारा रॅग्लन स्वेटर (गळ्यापासून काखेपर्यंत चार तिरप्या रेघांनी बाह्या धडाला जोडलेल्या असतात तो) विणून राहिली आहे. आतापर्यंत विणले ते सगळे खालून वर, पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, बाह्या वेगळ्या आणि शेवटी शिवायचे. त्यात कुठे अडलं तर तेवढा तुकडा उसवला की झालं, इथे सगळं एकाच सुईवर असल्यामुळे हात लावायचीच भीती वाटते.

लोकर इथे नागपुरात बर्डीवरून आणली, अॅक्रिलिक आहे, गडद नेव्ही ब्लू कारण शाळेला तोच रंग चालतो. सुई ८ नंबरची गोल, १० सेंमीत २० टाके आणि २८ फेऱ्या येतात.

८० टाक्यांवर सुरू केलं. पाठ २६, पुढचा भाग २६, बाह्या १०-१० आणि चार रेघांचे दोन-दोन मिळून ८. एक फेरी वाढीची, एक साधी. प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना दोरा पुढे घेऊन जाळी पाडते म्हणजे एका फेरीत ८ टाके वाढतात. कागदावर काट मारत गेले त्याप्रमाणे वाढीच्या १३ फेऱ्या झाल्या, तेराव्यानंतरची साधी फेरीही झाली, म्हणजे ८० अधिक १०४ असे १८४ पाहिजेत. सुईवर १८१ आहेत, परत परत मोजले तरी तेवढेच.

भागाप्रमाणे असे आहेत: पाठ ५२, डावी बाही ३४, पुढचा भाग ५१, उजवी बाही ३६, रेघा ८.

आई म्हणते उसव आणि नव्याने घाल, सासूबाई म्हणतात तीन टाक्यांनी काय होते, जाऊ दे पुढे. थंडी तर पडूनच राहिली, सकाळची शाळा आहे, ऑटोत वारा लागते तिला, म्हणून उसवायचं मनात नाही पण चुकीचं विणून पुढे फसायचंही नाही. काय करू?

---

सुलट_उलट

ताई, उसवू नका, निदान आज तरी नाही. तुम्ही भागाप्रमाणे मोजले हे फार चांगलं केलं, अर्धं उत्तर त्यातच आहे.

पाठ ५२ आणि उजवी बाही ३६, हे दोन्ही बरोबर आहेत (२६ + २६ आणि १० + २६). म्हणजे तिकडच्या टाक्यांना हातच लावायचा नाही. पुढच्या भागात १ कमी आणि त्याला लागून असलेल्या डाव्या बाहीत २ कमी, तर माझा अंदाज असा की डाव्या खांद्याच्या पुढच्या रेघेवर एका फेरीत दोन्ही बाजूंच्या जाळ्या राहिल्या, त्यात पुढच्या भागाचा एक आणि बाहीचा एक गेला. बाहीचा आणखी एक जो कमी आहे तो वेगळा गेलेला आहे, एक तर मागच्या रेघेवर बाहीकडची एक जाळी राहिली नाहीतर मधला टाका सुईवरून निसटला. निसटला असेल तर तो आधी शोधा, बाकी सगळं नंतर, कारण न वाढवलेला टाका तिथेच बसून राहतो पण निसटलेला टाका खाली धावत जातो.

शोधायचं असं. दिवसाउजेडी गॅलरीत बसा, मांडीवर पांढरा टॉवेल घ्या आणि त्यावर स्वेटर पसरा. गडद निळ्यात ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही, खाली पांढरं असलं की प्रत्येक जाळीतून टॉवेल दिसतो. आता रेघेच्या एकेका बाजूच्या जाळ्या गळ्यापासून खाली मोजत या. चार रेघा, प्रत्येकीच्या दोन बाजू, आठही ठिकाणी १३ भरल्या पाहिजेत. जिथे १२ भरतील तिथे चूक, आणि किती नंबरची जाळी गायब आहे तेही कळेल.

जाळी बहुतेक वेळा वाढीच्या फेरीत राहत नाही, ती घेतलेली असते पण पुढच्या साध्या फेरीत मार्कर (रेघेच्या खुणेसाठी सुईवर अडकवलेली कडी) सरकवताना सुईवरून घसरते किंवा शेजारच्या टाक्यासोबत विणली जाते. घसरली असेल तर त्या जागी दोन टाक्यांमधला दोरा बाकीच्यांपेक्षा लांब आणि सैल दिसतो.

मग दुरुस्ती. एकदोन फेऱ्या खाली असेल तर तो सैल दोरा क्रोशाच्या सुईने उचला, त्याच्या वरचे आडवे दोरे एकेक करून त्यातून ओढत वर आणा आणि टाका सुईवर चढवा, जाळी जागच्या जागी मिळते. चारपाच फेऱ्यांहून खाली असेल तर असं करू नका, कारण त्या नव्या टाक्यांना स्वतःचा दोरा नसतो, आजूबाजूच्या टाक्यांतून ओढला जातो आणि ती उभी ओळ आखडते. तेव्हा सरळ वरच्या फेरीत टाका वाढवून घ्यायचा. गायब जाळी तेवढी गायब राहील पण मापात फरक पडणार नाही.

आणि सासूबाईंना सांगा, तीन टाके म्हणजे तुमच्या मापाने दीड सेंमी, ते खरंच दिसत नाही. अडचण ही की डावी बाही ३४ आणि उजवी ३६ अशीच पुढे गेली तर बाह्या वेगळ्या करताना सगळे हिशोब दोन-दोन वेळा करावे लागतात.

---

मोर्णाकाठ (अकोला)

ताई उसवू नका बाप्पा, एवढी मेहनत कायले वाया घालवता. मले तं वाटते बाहीतला एक टाका निसटलाच असन. आधी एक सेफ्टी पिन जवळ ठेवा, टाका दिसला का लगेच पिनीत अडकवा, मंग क्रोशाची सुई शोधाले उठा. सुई शोधेपर्यंत थो टाका आणखी दोन फेऱ्या खाली जाते. आन् स्वेटर ओढूताणू नका, टॉवेलवर पसरून नुसतं पाहा.

---

धंतोली_विणकाम

सापडलं!! दोघांचे खूप खूप आभार. दुपारी गॅलरीत बसले टॉवेल घेऊन.

डाव्या बाहीत मागच्या रेघेजवळ एक टाका खरंच निसटला होता, चार फेऱ्या खाली एकटा फंदा उभा होता आणि त्याच्यावर चार आडवे दोरे शिडीसारखे. मोर्णाकाठ ताई, पिन जवळ होती म्हणून लगेच अडकवला. मग क्रोशाच्या सुईने फंदा पकडून सर्वांत खालचा दोरा त्यातून ओढला, मग त्याच्या वरचा, असे चारही. सुईवर चढवताना उजवा पाय पुढे राहील असा चढवला, नाहीतर टाका पिळला जातो. ती ओळ शेजारच्यांपेक्षा जराशी सैल दिसून राहिली आहे.

आणि डाव्या खांद्याच्या पुढच्या रेघेवर दोन्ही बाजूंना १२-१२ जाळ्याच भरल्या, नववी गायब. म्हणजे अंदाज तंतोतंत बरोबर निघाला. पण नववी म्हणजे आठनऊ फेऱ्या खाली झाली, तर तिथे क्रोशा चालवू नये असंच ना? वरच वाढवू?

---

रेशीमबाग_काकू

मी जरा वेगळं सांगते, राग मानू नकोस. नववी जाळी समोरच्या बाजूला आहे, खांद्याच्या खाली, बघणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. साध्या वाढीचं रॅग्लन असतं तर मीही म्हटलं असतं जाऊ दे, पण जाळीची रेघ म्हणजे नक्षी आहे, तिच्यात एक भोक नसलं की ते शोधावं लागत नाही. तुला स्वतःला ते रोज दिसणार असेल तर तेवढंच उसव. सगळं नाही.

सुईवरून टाके काढून धागा ओढत जायचं नाही बरं. १० नंबरची बारीक गोल सुई घे. आठव्या वाढीनंतरची जी साधी फेरी आहे ती धर आणि त्या फेरीतल्या प्रत्येक टाक्याचा उजवा पाय त्या बारीक सुईवर घेत पूर्ण गोल जा, विणायचं काही नाही, नुसतं सुईवर उचलायचं. मोजलेस की १४४ भरले पाहिजेत, पाठ-पुढा ४२-४२, बाह्या २६-२६, रेघा ८. भरले तर वरची सुई काढ आणि धागा ओढ, उसवण बरोबर बारीक सुईपाशी येऊन थांबेल आणि एक टाका सुटणार नाही. कमी भरले तर मध्येच कुठेतरी फेरी चुकली आहे, तिथे पुन्हा बघ, धागा ओढायची घाई करू नकोस.

आणि यापुढे जीवनदोरा घालत जा. शिवणाची बोथट मोठी सुई, त्यात पांढरा सुती दोरा, साधी फेरी मोजून बरोबर निघाली की सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून तो ओवून ठेवायचा, मार्करमधून मात्र ओवायचा नाही. दर पाचसहा वाढींनी घातला तरी पुरे. पुढे काही बिघडलं तर तिथपर्यंत निर्धास्त उसवता येतं.

---

सुलट_उलट

काकूंचं बरोबर आहे, मला जाळीचा मुद्दा सुचला नव्हता आणि बारीक सुईची पद्धत तर सगळ्यांनी शिकून ठेवावी अशी आहे. तरी माझं मत वरच वाढवण्याचं. गडद निळा रंग आहे, शाळेत आतून पांढरा शर्ट असला तर जाळी दिसेल हे खरं, पण आठ वर्षांची मुलगी दिवसभर हलत असते, तेरातली एक जाळी कोण मोजतं. निर्णय तुमचा.

वर वाढवणार असाल तर असं करा. चौदावी वाढीची फेरी नेहमीसारखी विणा. तिच्या पुढच्या साध्या फेरीत त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना, जाळीला लागून नको, एक टाका सोडून, दोन टाक्यांमधला आडवा दोरा डाव्या सुईवर उचला आणि मागच्या बाजूने सुलट विणा. मागून विणलं की दोरा पिळला जातो आणि भोक पडत नाही. समोरून विणाल तर नको तिथे जास्तीची जाळी तयार होईल. मग एकूण १९२ भरतील.

मोजायची सोपी खूण पण सांगून ठेवते. तुमच्या स्वेटरमध्ये पाठ किंवा पुढचा भाग आणि बाही यांच्यात कायम १६ चा फरक राहणार, पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत. नुसतं सम-विषम पाहू नका. तुमची बाही ३४ म्हणजे सम होती, तरी दोन टाके गेलेले होते. आणि एकूण बरोबर पण एका भागात १ जास्त, शेजारी १ कमी असं निघालं तर काही चुकलेलं नसतं, जाळीचा दोरा मार्करच्या खालून पलीकडे गेलेला असतो, मार्कर उचलून जागेवर ठेवा, बस.

सैल ओळीचं म्हणाल तर खऱ्या, मेंढीच्या लोकरीचा स्वेटर असता तर एका धुण्यात बसली असती. अॅक्रिलिक तसं बसत नाही, म्हणून सुईच्या टोकाने आत्ताच सैल टाक्यातला दोरा थोडा थोडा करून शेजारच्या दोनतीन टाक्यांत सरकवून द्या. आणि काही झालं तरी अॅक्रिलिकवर गरम इस्त्री दाबू नका, टाके कायमचे मरतात आणि कापड लोळागोळा होतं.

---

धंतोली_विणकाम

काकू, राग कसला, बारीक सुईचं वाचून धीर आला. पण मुलीलाच दाखवलं, ती म्हणे कुठे आहे भोक नसलेलं, तिला सापडलंच नाही. म्हणून वरच वाढवलं. पाठ ५४, पुढचा ५४, बाह्या ३८-३८, रेघा ८, एकूण १९२! जीवनदोराही घातला.

आता शेवटचं. १८ वाढी झाल्या की २२४ होतील, तिथे बाह्या वेगळ्या करायच्या असं ठरवलं आहे. काखेत ८-८ टाके नवीन घालणार. मैत्रीण म्हणाली काखेच्या कोपऱ्यात हमखास भोकं पडतात, ते कसं टाळायचं? आणि खोली पुरेल का?

---

रेशीमबाग_काकू

छान केलंस, मुलीला चाललं म्हणजे झालं. घे लवकर पूर्ण करून, डिसेंबरअखेरचा भरवसा नसतो आपल्याकडे, २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता.

१८ वाढी म्हणजे ३६ फेऱ्या, तुझ्या मापाने १३ सेंमीच्या आसपास. फेऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस, पोरीच्या अंगावर घालून बघ. सगळे टाके लांब सुती दोऱ्यावर उतरव आणि घाल. रेघ काखेपर्यंत आरामात पोचली पाहिजे. हात वर करायला लाव, गळा वर ओढला गेला तर खोली कमी आहे. रुंदी पुरते पण खोली कमी, असं असेल तर न वाढवता साध्या फेऱ्या विण, दोनचार पुरतात. उलट खोली पुरते आणि छाती घट्ट, तर काखेत ८ ऐवजी १० घाल.

२२४ वर वेगळं करताना रेघेच्या दोन टाक्यांतला एक धडाकडे आणि एक बाहीकडे दे. मग पाठ ६४, पुढा ६४, काखेचे १६, असे धडाचे १४४, म्हणजे ७२ सेंमी. बाही ४८, काखेचे ८ धरून ५६.

भोकं पडतात ती बाही विणायला घेताना, काखेचे टाके संपतात आणि दोऱ्यावरचे टाके सुरू होतात त्या दोन कोपऱ्यांत. तिथे काखेतून ८ उचल, पण दोन्ही कोपऱ्यांत आणखी एकेक उचल, कोपऱ्यातला सैल आडवा दोरा नको, त्याच्या शेजारच्या टाक्याचा घट्ट पाय उचल. असे १० होतील. पुढच्याच फेरीत ते जास्तीचे दोन शेजारच्या टाक्यांसोबत दोघांचा एक करून टाक, म्हणजे बाही परत ५६ वर येईल. एवढं करूनही बारीक भोक राहिलंच तर धाग्याचं सुरुवातीचं टोक एक वीत ठेव, तेच शेवटी आतून दोनदा फिरवून ओढून घ्यायचं.

---

धंतोली_विणकाम

टोक एक वीत, लक्षात ठेवते. रविवारी अंगावर घालून बघणार आहे, खोली कमी वाटली तर इथेच विचारते.